हरकत

३ ऑगस्ट, रविवार

ही वही पाळकीणबाईंनी दिली. उपासना संपल्यावर सगळ्यांदेखत माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "वच्छलाबाई, दुसऱ्याबद्दल काही बोलावंसं वाटलं की आधी यात लिहा. मग बघा, बोलायचं काही उरतं का." त्या सोलापूरकडच्या. गोड बोलून कान टोचतात. मी वही घेतली, थँक्यू म्हटलं आणि घरी येईपर्यंत कोणाशी बोलले नाही. आता लिहिते.

आज पंच बसले होते. आमच्या मंडळीत कोणाला बाप्तिस्मा द्यायचा असला की पंचांतले ज्येष्ठ उद्धवराव उभे राहून विचारतात, "कोणाची हरकत?" शब्द कचेरीतला आहे, पण आमच्याकडे असाच चालत आलाय. आम्हा पंचांपैकी एकाचा जरी हात वर झाला तरी त्या माणसाचा बाप्तिस्मा पुढं ढकलला जातो. नाही झाला तर पाळकसाहेब त्याला धरून पैनगंगेत बुडवून काढतात, तोच बाप्तिस्मा.

आज नाव निघालं संघपालचं. आमच्याच आळीतला आहे, दुसऱ्याच्या वावरात मजुरी करतो. दोन वर्षांआधीपर्यंत नाकातोंडापर्यंत दारूत होता. आता बायको मयूरीला घेऊन दर रविवारी येतो, शेवटच्या चटईवर बसतो. मी हात वर केला. मागच्या खेपेलाही केला होता. उद्धवरावांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "दारू सुटत नसते, दबा धरून बसते. पोळा जाऊ द्या. पोळ्यात समजते." तसं ठरलं. पोळा पाहायचा आणि ३१ तारखेला पुन्हा बसायचं.

बाहेर संघपाल चपला घालत होता. त्यानं ऐकलं होतं. म्हणाला, "बाई, तुमचं बराबर हाय. पोळा जाऊ द्या." राग नाही, काही नाही. मनात काही असलं की माणूस असंच नरम बोलतो.

पोरंसोरं मला मागून हरकतबाई म्हणतात. मला माहीत आहे. म्हणोत बाप्पा.

६ ऑगस्ट, बुधवार

पाळकीणबाईंना वाटत असेल मला लोकांची उणीदुणी काढण्यात गोडी आहे. तसं नाही. माझा थोरला भाऊ दारूत गेला. बेल्याच्या रस्त्याला नालीत सापडला. त्याआधी घरातले सगळे म्हणायचे, सुटली आता त्याची, सुटली. म्हणून दारूचा वास मला कोसावरून येतो आणि सुटली म्हणणारा माणूस खोटा वाटतो.

आमचं गाव तेलंगणाच्या सीमेवरचं. मी शिकवते त्या अंगणवाडीत रोज हेच ऐकते. तेलुगू बाया लेकरं सोडायला येतात आणि उंबऱ्यातच रडगाणं सुरू करतात. टीचरम्मा, नवरा मंदु कोट्टि वस्तडु. पिऊन येतो. दारूला त्या मंदु म्हणतात. हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले.

१० ऑगस्ट, रविवार

प्रार्थना चालू असताना उद्धवराव पेंगत होते. मयूरीच्या कपाळावर लाल टिकली. बाप्तिस्माही पाहिजे आणि टिकलीही पाहिजे. दोन्ही गोष्टी कोणाला बोलले नाही, इथंच लिहिल्या.

संदेश कुसळाचा आणि मुसळाचा होता. पाळकसाहेब बोलताना माझ्याकडे पाहत होते असं मला वाटलं. आमच्या ह्यांना विचारलं. चंपतराव म्हणाले, "ते सगळ्यायकडं पाहून राह्यले होते. तुलेच लागलं."

१७ ऑगस्ट, रविवार

आज ह्यांनी वही उशाखाली पाहिली. उघडली नाही, नुसती हातात तोलली. म्हणाले, "वही भरून राह्यली, जीभ काई रिकामी होऊन नाई राह्यली." आमचे हे दिवसभरात चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक असं असतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. आमच्याकडे बैलाची पूजा नसते, पण बैल तर आहेत. ह्यांनी धुतले, शिंगं रंगवली, मी पुरणपोळी केली. वर्षभर राबतात, एक दिवस गोड खाऊ द्यावं.

संध्याकाळी वेशीत डफडी वाजत होती आणि निम्मं गाव आधीच झुलत होतं. संघपाल बैलांच्या मागं कुठं दिसला नाही. मी मुद्दाम पाहत होते. न दिसण्याचा अर्थ काय घ्यायचा?

अंधार पडायच्या आधी मयूरी आली. "काका हायेत का?" म्हणाली आणि परस्परच मागच्या गोठ्यात गेली. ह्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती. मी गेले तशी गप्प झाली. डोळे लाल होते. उद्या माहेरी जाते म्हणाली, आईला बरं नाही. एवढं सांगायला गोठा कशाला लागतो? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "काई नाई, अशीच आलती." काहीतरी आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज पोळ्याची कर, सणाचा दुसरा दिवस. आजच्या दिवशी गावात शुद्धीवरचा माणूस शोधावा लागतो. हे सकाळीच बहिणीकडे जैनथला गेले.

दुपारी भांडी घासत होते तर पोशव्वा रस्त्यावरून ओरडली. ती नरसय्याची बायको, आमच्या वावराला लागून त्यांचं वावर आहे. "टीचरम्मा, संघपाल मंदु कोट्टि पडिपोयिंडु. तोंदरगा रा." संघपाल पिऊन पडला, लवकर ये. प्रार्थनाघराकडे हात केला. तिच्या शेळ्या दुसऱ्याच्या पिकात शिरत होत्या, ती तशीच त्यांच्या मागं पळाली.

मला नवल वाटलं नाही. खरं सांगायचं तर हात धुताना आतून एकदम हलकं वाटलं. बोलले होते ते खरं झालं.

पडला होता तो कुठं, तर प्रार्थनाघराच्या ओसरीवर. नळाखाली बसला असावा, अंगावरचं सगळं ओलं. ओकला होता. तोंडातून लाळ गळत होती, घामाच्या धारा लागल्या होत्या. दारूचा वास आला नाही, लसणासारखा आला. करीचं मटण झालं असेल. आणि हल्ली वास न येणारीही मिळते म्हणतात. पापणी वर करून मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. माणसाचं पाप डोळ्यांत दिसतं म्हणतात, ते खोटं नाही.

म्हणाला, "बाई, दिसून नाई राह्यलं." मी म्हटलं, "दिसंल कसं?" मग काका, काका करत राहिला. मी म्हटलं, काकानं पाजली का तुले?

मयूरीला फोन लावला, लागला नाही. घरून लिंबाचं पाणी आणून त्याच्या तोंडाला लावलं, चटई टाकून दिली. उतरेल झोपेत. प्रार्थनाघराच्या आतल्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली माझ्याकडेच असते, नाहीतर तिथंही घाण करील. उद्धवरावांना फोन करून सांगितलं, माझी हरकत कायम आहे. ते म्हणाले, "अरेरे." मी म्हटलं, "मी सांगतलंच होतं."

हे सगळं आधी वहीत लिहायचं होतं आणि मग बोलायचं होतं. आज उलटं झालं. पण आज मी खोटं काही बोललेली नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार. आदिलाबाद

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. वही पिशवीत कशी आली ठाऊक नाही.

शनिवारी दिवेलागणीला हे परत आले. पाय धुता धुता म्हणाले, "संघपालनं पंप आणून ठेवला का?"

मी विचारलं, कोणता पंप.

"फवारणीचा. आपल्या वावरात दवा मारून राह्यला ना तो. काल मयूरी तेच सांगाले आलती. तो म्हने, काका, करीच्या दिवशी मले गावात नाई राहाचं. कुठंतरी लांब काम द्या. तू नाई म्हणशीन म्हणून तुले सांगतलं नाई."

माझ्या हातातला कंदील मी खाली ठेवला. पुढचं नीट आठवत नाही. हे धावले, मी मागून. तो चटईवर नव्हता, सरकत सरकत ओसरीच्या कडेपर्यंत गेला होता. श्वास घरघरत होता, अंगाचं मांस ठिकठिकाणी फडफडत होतं. एकशेआठची गाडी आली तेव्हा ओठ काळे पडले होते.

इथली डॉक्टरीण तरुण पोरगी आहे. तिनं पापण्या वर केल्या आणि तेलुगूत विचारलं, डोळे कोणी पाहिले नव्हते का? बाहुल्या अशा बारीक झाल्या की दवेची बाधा, शेतीवाल्यांच्या घरात एवढं तर माहीत असतं. हे म्हणाले, कोणी नव्हतं जवळ, आमी उशिरा आलो.

मी त्यांच्या मागं उभी होते. मी पाहिले होते.

मंदु म्हणजे दारू, आणि मंदु म्हणजे पिकावरची दवा. मंदु कोट्टु म्हणजे पिणं आणि मंदु कोट्टु म्हणजेच फवारणं. पोशव्वा मला सांगत होती की तुझ्या वावरात दवा मारून आला आणि पडला. तिला वाटलं मला माहीत असणारच, वावर माझं. दोन्ही अर्थ मला लहानपणापासून येतात. त्या दुपारी मला एकच आठवला.

आता त्याच्या घशात नळी आहे आणि मशीन श्वास घेतं आहे. वाचेल की नाही, सांगत नाहीत.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मयूरी माहेरून परस्पर इथं आली, तेव्हापासून बाकावरून उठलेली नाही. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ बसायचे, चहा आणून द्यायचे. ती म्हणायची, "बाई, तुमी होत्या म्हणून." हे ऐकवेना.

आज सांगितलं. सगळं. डोळे पाहिले तेही, कुलूप लावलं तेही, उद्धवरावांना केलेला फोनही. शेवटी म्हटलं, "मयूरी, तो पेला असंल असं समजले मी. तो पेला नव्हता. माझ्या हातून लय मोठी चूक झाली."

ती काचेच्या दाराकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "आन पेला असता तर, बाई?"

मी हातातला चहाचा कप बाकाखाली ठेवला.

"पेला असता तर पडू द्याचं होतं काय त्याले तिथंच?"

एवढंच म्हणाली. उठून नळावर गेली, तोंडावर पाणी मारून परत माझ्याच शेजारी बसली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. तिची टिकली पाण्यानं सरकून भुवईवर आली होती. मी बोटानं सरळ करून लावली. तिनं लावू दिली.

मी इतके दिवस देवाला एकच म्हणत होते की माझं ओळखणं चुकलं, क्षमा कर. ओळखणं बरोबर निघालं असतं तर मी क्षमाही मागितली नसती. भाऊ नालीत सापडला तेव्हा त्याच्या शेजारून किती माणसं गेली असतील? सगळी बरोबर ओळखणारी.

३१ ऑगस्ट, रविवार

पंच बसले नाहीत. उपासनेत उभी राहून मी सांगितलं. कोणी रागावलं नाही. उद्धवराव म्हणाले, चूक कोणाच्याही हातून होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. सगळे इतक्या मायेनं वागले की मला तिथं बसणं जड झालं. माझी पाळी होती तेव्हा मी कोणाशी असं वागले होते, ते आठवत बसले. एकही माणूस आठवला नाही.

हे पण मनात कुढतात. म्हणतात, "रुमाल बांध म्हटलं होतं मी त्याले. नुसतं म्हटलं. बांधला का नाई, पाहाले पायजे होतं."

४ सप्टेंबर, गुरुवार

नळी काढली. त्यानं डोळे उघडले. मयूरीला ओळखलं. मला काचेतून दाखवलं तर दोन बोटं हलवली. मी जिन्यात जाऊन रडले. देवा, तू मला वाचवलंस, असं माझ्या तोंडून निघालं. मग लाज वाटली. वाचला तो आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

संघपाल घरी आला. हात थरथरतात, चार पावलं चालला की बसतो. मी ज्वारीची पेज घेऊन जाते. अंगणवाडीची खिचडी त्याला आवडते म्हणून आज तशी मऊ खिचडी घरी केली.

आज म्हणाला, "बाई, मले त्या दिवशीचं काई याद नाई. फक्त कोणीतरी तोंडाले लिंबूपाणी लावलं, तेवढं याद हाय. तुमी होत्या न?"

मी हो म्हटलं. मग पुढचंही सांगितलं, मयूरीला सांगितलं होतं तसं. तो वाटीकडे पाहत ऐकत होता. म्हणाला, "मयूरीनं सांगतलं मले." आणि वाटी पुढं केली. "अजून हाय का?" मी वाढली.

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

उपासनेहून येताना पुलाजवळ नरसय्या आडवा पडलेला. पाऊस भुरभुरत होता. लोक वळसा घालून जात होते. मी वाकून पापणी वर केली. आता ती सवयच लागली. बाहुल्या मोठ्या आणि वास तर असा की नाक धरावं. खरोखरच पिऊन पडलेला. एवढं कळल्यावर माझे पाय घराकडे वळले. जिभेवर शब्दही आले होते, रविवारचा दिवस आणि बायको शेळ्या राखते.

मग परत फिरले. ह्यांना हाक मारली. दोघांनी धरून त्याला घरी नेलं. वाटेत त्यानं मला दोन शिव्या दिल्या, तेलुगूत. पोशव्वानं दार उघडलं, पायपुसणं पुढं सरकवलं. माझ्या पातळाला वास अजून येतो आहे. मनातून त्याचा राग गेला असं लिहिणार होते, पण तो गेलेला नाही. राग आहे आणि माणूस घरी पोचला आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या पंच बसणार. पाळकसाहेबांनी संघपालचं नाव पुन्हा घेतलं आहे. त्याच्यासोबत जे झालं त्यानंतर कोण हरकत घेईल?

दुपारी तो काठी टेकत आमच्या अंगणात आला. मयूरी बरोबर नव्हती. मी खाट टाकली. पाणी प्यायला, हातातला गिलास खाली ठेवायला त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "बाई, उद्या तुमी विचारानच, तर मी आजच सांगतो. तुमी पार चुकल्या नोत्या. पोळ्याच्या सांजी मी..."

पुढं तो जे बोलला ते मी ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. मयूरीचे डोळे त्या दिवशी का लाल होते ते कळलं आणि करीच्या दिवशी त्याला गावापासून इतकं लांब काऊन जायचं होतं तेही कळलं. पाळकसाहेबांनाही सांगणार म्हणाला. मी म्हटलं, सांग, त्यांच्याजवळ बोल.

तो काय बोलला ते या वहीत लिहीत नाही. ही वही त्यासाठीच मिळाली होती, तरी लिहीत नाही.

तो गेल्यावर हे गोठ्यातून आले. "काय म्हने संघपाल?"

"पऱ्हाटीचं विचारून राह्यला होता. बोंड कसं धरलं म्हने."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत आहे. मग बैलांना पाणी दाखवायला गेले.

५ ऑक्टोबर, रविवार

पंच बसले. पाळकसाहेब सकाळी संघपालबरोबर मागच्या बाजूला बराच वेळ बोलत बसले होते. आत आले ते शांत होते. म्हणाले, माझ्याकडून नाव पुढं ठेवतो.

उद्धवराव उभे राहिले. "कोणाची हरकत?"

कोणी मुद्दाम पाहिलं नाही, पण सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. माझा हात पदराखाली मांडीवर होता. वर जायची त्याला किती सवय आहे हे मलाच माहीत. त्याला कारणही होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ पक्कं, त्याच माणसाच्या तोंडचं कारण होतं. बरोबर ओळखलं होतं हे कळून कसं हलकं वाटतं, तेही मला माहीत होतं. आत पाहिलं, तसं काही वाटत नव्हतं. त्याच्या हातातला तो थरथरता गिलास तेवढा डोळ्यांसमोर येत होता.

उद्धवरावांनी न राहवून विचारलं, "वच्छलाबाई? तुमचं काई?"

मी उठले. म्हटलं, "पैनगंगेचं पाणी आता गार असते. त्याच्या पायात अजून जोर नाई. पाळकसाहेबायले एकट्याले तो धरवणार नाई."

"मग?"

"मग काई नाई. एका अंगानं मी धरते."